तुलांबेनचं ‘लिबर्टी’: किनाऱ्यावरून चालत जाऊन पाहायचं बुडालेलं जहाज

तुलांबेनच्या किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाहीच. आहेत ते ज्वालामुखीचे काळे गुळगुळीत गोटे, काही मुठीएवढे, काही नारळाएवढे. अंगावर स्कूबा डाइव्हिंगचं वीस-पंचवीस किलोचं सामान, समोर लाट, आणि पायाखाली दर पावलाला सरकणारा गोटा. पहिल्यांदा गेले तेव्हा जहाज दिसायच्या आधीच मी गुडघाभर पाण्यात बसकण मारली होती आणि माझी एक फिन (पोहताना पायात घालायचं वल्हं) लाटेबरोबर निघाली होती. साध्या रबरी चपला घातलेली, डोक्यावर सिलिंडर घेतलेली एक आजी शेजारून डुलत निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं आणि हसू दाबलं.

इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे जहाज जगातल्या सर्वांत सोप्या बुडीत जहाजांपैकी एक आहे. किनाऱ्यापासून पन्नासेक मीटरवर, कोमट पाण्यात, वरचा भाग जेमतेम ५ मीटर खोल. बोट लागत नाही, त्यामुळे बोट लागून उलट्या व्हायचाही प्रश्न नाही. पण सोपं म्हणून लोक ते उरकतात. दक्षिण बालीतून तीन तास गाडीत बसून येतात, गर्दीत चाळीस मिनिटं पाण्यात काढतात, चार फोटो काढून परत जातात. तेवढ्यात दिसतं ते गंजकं लोखंड आणि इतर डाइव्हर्सच्या फिन्स. माझा सल्ला असा, की तुलांबेनलाच दोन रात्री राहा आणि एकाच जहाजावर तीन वेळा उतरा. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

हे जहाज इथे आलं कसं

इतिहास आधी माहीत असेल तर पाण्याखालचा विस्कळीत सांगाडा वाचता येतो, म्हणून थोडक्यात सांगते.

‘लिबर्टी’ हे १९१८ साली अमेरिकेत न्यू जर्सीत बांधलेलं मालवाहू जहाज, लांबी सुमारे १२५ मीटर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते काही महिने अमेरिकी नौदलाकडे होतं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या वाहतुकीला होतं, आणि ऑस्ट्रेलियातून फिलिपिन्सकडे रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन निघालं असताना ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. जहाज लगेच बुडालं नाही. एक अमेरिकी आणि एक डच विनाशिका त्याला ओढत उत्तर बालीतल्या सिंगाराजा बंदराकडे नेऊ लागल्या. वाटेत पाणी इतकं भरलं की ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून सोडावं लागलं.

तिथे ते एकवीस वर्षं उघड्यावर पडून होतं. माल निघाला, जे काढण्यासारखं होतं ते लोकांनी काढून नेलं. मग १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. बालीत हजाराहून अधिक माणसं दगावली, आणि त्याच धक्क्यांनी हे जहाज किनाऱ्यावरून घसरून समुद्रातल्या उतारावर जाऊन पडलं. म्हणजे टॉर्पेडोने फुटलेलं जहाज बुडवलं ते डोंगराने. आत यंत्रांची दालनं रिकामी का, मालाच्या जागी वाळू का, आणि सांगाडा इतका मोडलेला का, याची उत्तरं या एकवीस वर्षांत आणि एका उद्रेकात आहेत.

नावाचा एक गोंधळ नेहमी होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाऊक बांधलेल्या मालवाहू जहाजांना ‘लिबर्टी शिप’ म्हणतात. हे त्यातलं नाही. ते त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठं. याचं स्वतःचं नावच ‘लिबर्टी’.

उतरायच्या आधी: तुमची तयारी किती

मालवणला किंवा गोव्यात ग्रांदे बेटाजवळ प्रशिक्षकाने हात धरून दहा-पंधरा मिनिटं खाली नेलं असेल, व्हिडिओही काढून दिला असेल, तर छान. पण ते डाइव्हिंग शिकणं नव्हे. तशा ‘ट्राय डाइव्ह’वर लिबर्टीच्या उथळ भागात नेणारे लोक तुलांबेनला आहेत. मला ते पटत नाही. तुमचं सगळं लक्ष कान आणि श्वास यांतच जातं आणि जहाज हुकतं.

किमान ओपन वॉटरचा कोर्स करा. तो ३-४ दिवसांत होतो आणि १८ मीटरपर्यंत जायची परवानगी देतो. लिबर्टीचा निम्म्याहून जास्त मजा असलेला भाग या मर्यादेत येतो. ॲडव्हान्स्ड कोर्स केलात तर मर्यादा ३० मीटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण जहाज. कोर्स घरच्या जवळ करायचा तर तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात शिकलेल्या माणसाला एक फायदा होतो: दहा मीटरवर समोरचं धूसर दिसलं म्हणून तो घाबरत नाही. तुलांबेनला बहुतेक दिवशी त्याच्या कितीतरी पट लांबचं दिसतं.

कोर्सनंतर किमान आठ-दहा डाइव्ह झालेल्या असाव्यात. आकडा मोजायला नको, कसोटी एकच लावा. पाण्यात हात न हलवता, तळापासून मीटरभर वर, आडवं राहून एक मिनिट तरंगता येतं का? श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, बाकी काही हलत नाही. हे जमलं की लिबर्टी तुमचं. जमत नसेल तर पहिली डाइव्ह जहाजाशेजारच्या वाळूच्या उतारावर याच सरावाला द्या. धीट असून इथे काही मिळत नाही, स्थिर राहता यायला हवं.

दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब, झटके, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र भारतातूनच घेऊन जा. तिथे फॉर्म भरताना ‘नाही’वर खुणा करून मोकळे होणारे पुष्कळ पाहिले. गरोदरपणात डाइव्हिंग करत नाहीत. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, औषध घेऊन तर मुळीच नको. औषधाचा परिणाम खाली असतानाच उतरला तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि ती दुखायला लागते तेव्हा वर यायलाच त्रास होतो.

विम्याचं एक. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. बारीक अक्षरं वाचा. दाबकक्षातले उपचार, म्हणजे डीकंप्रेशनच्या त्रासावरचे (घाईने वर आलं की शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, तो त्रास), महाग असतात. बालीत असा कक्ष देनपसारला आहे आणि तुलांबेनहून तिथे पोचायला काही तास लागतात.

कधी जायचं

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, पाणी साधारण निवळ. डिसेंबर ते मार्च पावसाचे महिने. डोंगरावरून ओढ्यांबरोबर गाळ येतो, लाटही कधी कधी मोठी असते. पाण्याचं तापमान वर्षभर २६ ते ३० अंशांच्या दरम्यान. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. दिवसाला तीन डाइव्ह करणार असाल तर पूर्ण बाह्यांचाच घ्या, कारण कोमट पाण्यातही तिसऱ्या वेळी दात वाजतात.

महिन्यापेक्षा महत्त्वाचा दिवसाचा प्रहर. दक्षिणेकडच्या गाड्या साधारण नऊच्या पुढे येतात आणि दुपारी परततात. तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा दुपारी तीननंतर पाण्यात उतरायचं. पहाटे सहाला उतरणं सर्वोत्तम. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने पहिल्या दिवशी ते अंगाला पहाटे साडेतीनसारखं वाटतं. तरी उठा. कारण पुढे सांगते.

आणि निघण्यापूर्वी आगुंगची स्थिती बघा. २०१७ मध्ये ज्वालामुखी पुन्हा जागा झाला तेव्हा या किनाऱ्यावरची गावं रिकामी करावी लागली होती.

सामान

बहुतेक सगळं भाड्याने मिळतं. स्वतःचं न्यायचं असेल तर तीन गोष्टी न्या. चेहऱ्याला बसणारा मास्क. जाड तळव्याचे बूट, कारण इथे बूट म्हणजे निम्मी सुरक्षा. आणि डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र. फिन्स मागे पट्टा असलेल्या, बुटावर चढणाऱ्याच घ्या. पाय पूर्ण आत जाणाऱ्या फिन्स बोटीवर चालतात, पण त्या घालायच्या तर गोट्यांवरून अनवाणी यावं लागतं.

छोटी टॉर्च दिवसाही हवी. पाण्यात लाल रंग आधी जातो. दहा-पंधरा मीटरवर सगळं निळं-करडं दिसतं. टॉर्च टाकली की गंजलेल्या पत्र्यावरचे मऊ प्रवाळ अचानक शेंदरी, जांभळे होतात. हातमोजे मात्र नकोत. मोजे घातलेला माणूस हमखास कुठेतरी हात टेकतो, आणि इथे टेकण्यासारखं काहीही नाही: एकतर धारदार पत्रा, नाहीतर डंख करणारे हायड्रॉइड, नाहीतर दगड समजून हात ठेवावा असा विंचूमासा. धनुर्वाताचं इंजेक्शन किती वर्षांपूर्वी घेतलं होतं ते आठवून ठेवा.

पहिल्या डाइव्हला कॅमेरा नको. भांडण करून सांगते, नको.

गोटे ओलांडणे

सिलिंडर आणि जॅकेट किनाऱ्यापर्यंत गावातल्या बायका आणून देतात. डोक्यावर चुंबळ, त्यावर सिलिंडर, कधी कधी एका वेळी दोन. हा त्यांचा संघटित रोजगार आहे. ‘मी माझं उचलतो’ म्हणत पुरुषार्थ दाखवू नका. त्यांची मजुरी जाते आणि तुमची पाठ. ‘इबु’ म्हणून हाक मारावी, म्हणजे आई. ‘सुक्समा’ म्हटलं की खुलतात. ते बाली भाषेतले आभार.

पाण्याच्या कडेला उभं राहून आधी लाटा बघा. दोन-तीन मोठ्या येतात, मग जरा शांत. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा घ्यायची तोटी) तोंडात, तरंगवणाऱ्या जॅकेटमध्ये थोडी हवा, फिन्स हातात. बडीचा, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचा, खांदा किंवा कोपर धरा. पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा, आणि अंग लाटेकडे तिरकं ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात पोचलात की थांबू नका. जॅकेट फुगवा, पाठीवर पडा आणि पोहत बाहेर जा. फिन्स तिथे, लाट फुटते त्याच्या पलीकडे तरंगत घाला. नवशिके हमखास चूक करतात ती गुडघाभर पाण्यात वाकून फिन्स घालायची. मीही तीच केली होती.

पडलातच तर उभं राहायची धडपड नको. बसा, रेग्युलेटर तोंडातच ठेवा आणि रांगत पुढे जा. वेडंवाकडं दिसतं, पण घोटा शाबूत राहतो.

नवरा-बायकोने एकमेकांचे बडी व्हावं का, हा वेगळाच विषय. आमच्यात पाण्याखाली हाताच्या खुणांनी झालेलं एक भांडण गाइडने मिटवलं होतं. बडी कोणीही असो, वरच पाच गोष्टी ठरवून घ्या: कमाल खोली, किती हवा उरली की वळायचं, कुठल्या बाजूने जायचं, चुकामूक झाली तर काय (एक मिनिट शोधायचं, मग सावकाश वर), आणि खुणा. अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. आपली माणसं आनंदाने अंगठा दाखवतात आणि गाइड बिचारा डाइव्ह संपवायला निघतो.

हवेचा हिशेब

हे गाइडवर सोडू नका. पाचवी-सहावीचं गणित आहे.

भाड्याचं ॲल्युमिनिअम सिलिंडर साधारण ११ लिटरचं, भरलेलं २०० बार (बार हे दाबाचं माप). परत येताना ५० बार शिल्लक हवेत. म्हणजे वापरायला १५० बार, १५० गुणिले ११, म्हणजे १,६५० लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असं धरू. पाण्यात दर १० मीटरला दाब १ बारने वाढतो आणि तेवढ्या पटीने हवा जास्त लागते. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून मिनिटाला ४० लिटर, हवा ४१ मिनिटं पुरेल. १५ मीटरवर ५० लिटर, ३३ मिनिटं. २५ मीटरवर ७० लिटर, जेमतेम २३ मिनिटं.

तुमचा स्वतःचा आकडा काढायचा असेल तर एक डाइव्ह वापरा. समजा सरासरी १२ मीटरवर १० मिनिटांत ४० बार गेले. ४० गुणिले ११ म्हणजे ४४० लिटर, भागिले १० मिनिटं, भागिले २.२ बार: मिनिटाला २० लिटर. हा आकडा वहीत लिहा. महिन्या-वर्षात तो कसा उतरतो ते बघणं वजन कमी होताना काटा बघण्यापेक्षा समाधानाचं असतं.

लिबर्टीवर या गणिताचा अर्थ एवढाच, की खोलवरचं आधी आणि उथळ नंतर. हवा कमी होत जाईल तसं तुम्ही चढावर, किनाऱ्याकडे येत राहता. शंभर बारला गाइडला खूण करा, त्याने विचारायची वाट पाहू नका.

खोलीची दुसरी मर्यादा नायट्रोजनची. साध्या हवेवर पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर तक्त्याप्रमाणे ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. कॉम्प्युटर सहसा याहून सावध असतो. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन घातलेल्या हवेचा, कोर्स झाला असेल तर ३२ टक्क्यांचं मिश्रण घ्या. एका जागी तीन-तीन डाइव्ह करायच्या ठिकाणी त्याचा खरा उपयोग होतो. मात्र त्याची स्वतःची खोलीची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास आहे. तिच्याखाली ऑक्सिजन विषारी ठरू शकतो, म्हणून ‘जरा खाली जाऊन येतो’ हे चालत नाही.

पहिली डाइव्ह: दुपारी, फक्त ओळख

पोचलात त्याच दिवशी तीननंतर उतरा आणि १५ मीटरच्या खाली जाऊ नका. काळ्या उतारावरून पुढे सरकताना आधी वाळूत उभ्या बारीक काड्या दिसतात. जवळ गेलात की काड्या आत ओढल्या जातात. त्या गार्डन ईल. मग समोरची निळाई दाट होत जाते, आणि ती दाट निळाई म्हणजेच जहाज आहे हे कळायला दोन क्षण लागतात.

जहाज किनाऱ्याला साधारण समांतर, कुशीवर पडलेलं आहे. डेकची बाजू खोल समुद्राकडे, तळाची बाजू किनाऱ्याकडे. हे डोक्यात बसलं की दिशा चुकत नाही, कारण उतार वर जाईल तो किनारा. मात्र उभं जहाज मनात धरून गेलात तर काही ओळखू येणार नाही. मान नव्वद अंशांत वळवून बघा: भिंत वाटते ती कूस, छत वाटतं ती दुसरी कूस, आणि आडव्या शिडीसारखं दिसतं ते पूर्वी उभं होतं.

पहिल्या खेपेला जहाजाच्या बाहेरून, तीन-चार मीटर अंतर ठेवून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा आणि वरच्या कडेवरून परत या. काही शोधू नका. नाळेचा भाग कुठला, मागची तोफ कुठे, मधली मोठी उघडी दालनं कुठे, एवढंच लक्षात ठेवा. वर आल्यावर कागदावर नकाशा काढा. चुकीचा येईल. उद्या दुरुस्त करता येईल.

दुसरी डाइव्ह: पहाटे

जहाजाच्या आडोशाला रात्री मोठे, कपाळाला टेंगूळ असलेले पोपटमासे झोपतात. एकेक मासा मीटरभर लांब, कधी त्याहून मोठा. उजाडलं की कळप चरायला बाहेर पडतो. प्रवाळ खातात, दात दगडावर घासल्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो. कळप दिसला की मागे लागायचं नाही. बाजूला, तळापासून जरा वर, स्थिर राहा. पाठलाग केला की ते निघून जातात, थांबलात तर शेजारून जातात. सुरुवातीला सांगितलेली ती तरंगण्याची कसोटी इथे कामी येते.

परवानगी आणि हवा असेल तर याच डाइव्हला डेकच्या बाजूने खाली उतरा, २०-२५ मीटरपर्यंत. दिवसाची सर्वांत खोल डाइव्ह पहिली, हा जुना आणि साधा शिरस्ता. तिथे मोठे जाळीदार पंखा-प्रवाळ आहेत आणि मोडलेल्या फासळ्यांतून पहाटेचा उजेड तिरका आत येतो. खाली आठ-दहा मिनिटं पुरे. मग चढत या. वरच्या भागाजवळ चंदेरी ट्रेव्हली माशांचं भलं मोठं वर्तुळ फिरत असतं; त्याच्या मध्ये शिरण्यापेक्षा खालून वर बघा.

आत शिरायचं का

लिबर्टी इतकं उघडं पडलेलं आहे की काही दालनांतून आरपार जाता येतं. दोन्हीकडे उजेड दिसतो, दोघं शेजारी शेजारी मावतात. अशा ठिकाणी गाइडमागून जायला हरकत नाही. बाकी कुठेही, म्हणजे जिथे बाहेरचं तोंड सतत दिसत नाही, जिथे वळण आहे, जिथे एकट्यानेच मावेल एवढीच फट आहे, तिथे नाही. डोक्यावर छत आलं की ‘काही झालं तर वर जाऊ’ हा आपला शेवटचा मार्ग बंद होतो. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं, दोरीची रीळ असते, राखीव हवेचे नियम असतात. तिथलेही नियम उजेड पोचतो तिथपर्यंतच जाऊ देतात.

आरपार जाताना पाय बेडकासारखे मारा, वरखाली नकोत. खालची बारीक काळी रेती एकदा उडाली की मागच्या माणसाला काही दिसत नाही. लोंबणारा पाइप, अडकलेली मासेमारीची तंगूस यांच्यावर नजर ठेवा. सुटा रेग्युलेटर आणि गेज जॅकेटला अडकवून टाका. आणि सुटलेले श्वासाचे बुडबुडे वरच्या गंजक्या पत्र्यावर आपटून पापुद्रे पाडतात, म्हणून छताखाली रेंगाळू नका. १९१८ चं लोखंड आहे, दर पावसाळ्याला थोडं आणखी ढासळतं.

जहाजातून काही उचलायचं नाही, शंखसुद्धा.

एक मासा मात्र लक्षात ठेवा: टायटन ट्रिगरफिश. मोठा, पिवळसर-हिरवट, दात दिसणारा. घरट्यावर असताना तो माणसाच्या अंगावर येतो, चावतोही. त्याची हद्द घरट्यापासून वर शंकूसारखी रुंद होत जाते असं मानतात, म्हणून वर पळू नका. फिन्स त्याच्याकडे करून आडवे दूर जा. कोंबडीच्या खुराड्यात हात घातल्यावर जे होतं तेच समजा.

तिसरी डाइव्ह: उथळ आणि संथ

त्याच दिवशी, निदान दोन तास विश्रांती घेऊन, पाणी आणि नाश्ता पोटात घालून तिसरी. आता १२ मीटरच्या वरच राहा. या डाइव्हला जहाजाचा फक्त एक तुकडा निवडा, दहा-पंधरा मीटर लांबीचा, आणि त्यावरच अर्धा तास घालवा. इथेच कॅमेरा काढा. पत्र्याच्या सांध्यात तोंड उघडून बसलेली मोरे ईल, तिचे दात साफ करणारी कोळंबी, नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगाई, फांदीचंच रूप घेतलेला नखभर पिग्मी समुद्रघोडा. तो खोलवरच्या पंख्यावर असेल तर गाइड पहाटेच्या डाइव्हलाच दाखवेल. बोट रोखून दाखवलं तरी दिसायला मिनिट जातं. आदल्या दिवशी ज्यावरून आपण सरळ पोहत गेलो होतो तोच हा तुकडा आहे यावर विश्वास बसत नाही.

वर येणं आणि बाहेर पडणं

मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने नाही. सर्वांत लहान बुडबुड्यांच्याही मागे राहा. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं. बाकी ठिकाणी ही तीन मिनिटं दोरीला लोंबकळत मोजावी लागतात, इथे जहाजाची वरची कड आणि किनाऱ्याचा उतार त्याच खोलीवर आहे, त्यामुळे थांबा कसला, तो डाइव्हचाच भाग होतो. मी पाच-सहा मिनिटं थांबते.

बाहेर येताना लाटांकडे तोंड करून, जॅकेट फुगवून, छातीएवढ्या पाण्यात फिन्स काढा. मग मोठी लाट पुढे जाऊ द्या आणि तिच्या मागून या. पाठ समुद्राकडे करून निवांत उभं राहायचं नाही. दमला असाल तर चक्क चार पायांवर या. किनाऱ्यावर कोणी हसत नाही, रोज पाहतात.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला १८ तास जाऊ द्या. आणि विमानाइतकाच धोका रस्त्याचा, तो सहसा कोणी सांगत नाही. तुलांबेनहून उबुदकडे जाताना ड्रायव्हर हौसेने किंतामणीवरून नेतो, ज्वालामुखीचं दृश्य दाखवायला. ती जागा सुमारे दीड हजार मीटर उंच आहे. डाइव्ह करून त्याच दिवशी तिथे चढणं म्हणजे शरीरातल्या नायट्रोजनच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखंच. त्याला आधीच सांगा: अमलापुराकडून, खालच्या रस्त्याने. आगुंग चढायचा बेत असेल तर तो डाइव्हिंगच्या आधी ठेवा आणि मध्ये विश्रांती घ्या. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, मुंग्या, कधी नव्हे एवढा थकवा असं काही जाणवलं तर झोपून बघू म्हणू नका. डाइव्ह सेंटरला कळवा, ऑक्सिजन घ्या.

आपल्याकडेही आता अशी सोय होऊ घातली आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे देण्यात आली, ती सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवण्यासाठी. तिथे बोटीने जावं लागेल, पाणीही वेगळं असेल. पण हवेचा हिशेब, छताचा नियम आणि हात न टेकता तरंगणं तेच.

राहिलं बूट धुणं. तुलांबेनची काळी रेती बुटाच्या शिवणीत बसते आणि गोड्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय निघत नाही. मी एकदा तशीच घेऊन आले. डोंबिवलीच्या न्हाणीघरात ती दोन महिने सापडत होती.